घोडनदीकाठचा स्वार किती जुना?

माळावरच्या खडकात कोरलेले चित्र कुणी दाखवले की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे किती जुने? दाखवणाऱ्याचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते : आदिमानवाच्या काळातले. चित्रात नुसते हरीण किंवा रानडुक्कर असेल, तर या उत्तराला लगेच हरकत घेता येत नाही. पण हरणामागे घोडा धावत असेल आणि घोड्यावर भाला उगारलेला माणूस बसला असेल, तर मात्र थांबून विचार करावा लागतो. हरीण या भूमीवर माणसाच्याही आधीपासून आहे. माणूस घोड्यावर बसला, तो फार नंतर. म्हणून खडकावरचा स्वार हा चित्राचा विषय असतोच, शिवाय चित्राच्या वयाचा साक्षीदारही असतो.

ही साक्ष तपासायला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांइतका चांगला प्रदेश क्वचितच मिळेल. इथे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा तपशीलवार पुरावा आहे आणि घोड्यांचा अलीकडचा इतिहासही तितकाच भरघोस आहे. शिरूर गावाला लोक आजही घोडनदी म्हणतात. अर्थात नावात घोडा आहे म्हणून तो पुरावा ठरत नाही. पुरावा जमिनीत शोधावा लागतो.

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या कामातून इ. स. पू. १६०० ते ७०० या सुमाराच्या शेतकऱ्यांचे जग उजेडात आले. ही माणसे सातू पिकवीत, गाई-गुरे आणि शेळ्या-मेंढ्या पाळीत आणि शिकारही करीत. इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती आटली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि पशुपालन व शिकारीवरची भिस्त वाढली, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. म्हणजे या नदीकाठी शिकारी होतेच. प्रश्न आहे तो त्यांच्या वाहनाचा.

त्या काळच्या वाहनाची कल्पना येण्यासाठी प्रवरेकाठच्या दायमाबादला जावे लागते. १९७४ मध्ये तिथे धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. रथ हाकणारा माणूस ताठ उभा आहे, पण रथाला जुंपले आहेत ते बैल. या वस्तूंच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही दख्खनच्या त्या आरंभीच्या काळातली वेगाची आणि मानाची प्रतिमा बैलांच्या खुरांवर उभी आहे, एवढे तिथे दिसते.

हाडांच्या पुराव्याने प्रश्न सहज सुटेल असे वाटते, पण तसे होत नाही. घोडा, गाढव आणि रानगाढव यांची सुटी हाडे वेगळी ओळखणे कठीण असते. कच्छमधल्या सुरकोटडा येथील हाडांवरून तज्ज्ञांमध्ये झालेला वाद प्रसिद्ध आहे. शिवाय घोड्याचे हाड मिळाले, तरी त्यावर कुणी स्वार होत होते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी लगामाची कडी लागते. ती मिळाली विदर्भात. नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या ठिकाणी इ. स. पू. पहिल्या सहस्रकातल्या शिळावर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले आढळले. सोबत लोखंडी लगाम आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने होते. महाराष्ट्रातला स्वार इथे पहिल्यांदा निःसंशय दिसतो.

पुढे त्याची वर्दळ वाढते. नाणेघाटातल्या सातवाहन लेखात अश्वमेधाचा उल्लेख आहे. मावळात बेडसे आणि कार्ले इथल्या लेण्यांत खांबांच्या माथ्यावर प्राण्यांवर बसलेली जोडपी कोरलेली आहेत आणि बेडशाचे घोडे तर अगदी जिवंत वाटतात. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेला आणि घोडेस्वारीच्या खेळाला जागा दिली. गावोगावच्या वीरगळांवर लढणारे स्वार आले, ते साधारण याच मध्ययुगात.

दौंड-बारामतीच्या बाजूचा मुलूख जुन्या दप्तरांत भीमथडी म्हणून ओळखला जाई. भीमेच्या काठची चिवट, काटक तट्टे मराठी फौजांचा आधार होती. त्यांचा उल्लेख आपल्या राज्यगीतातही आहे आणि अलीकडे भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. शिरूरला तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या अखेरच्या रात्री इथूनच पायदळाबरोबर घोडदळाची तुकडी कोरेगावच्या दिशेने निघाली.

एवढा पट समोर ठेवला की एक गोष्ट स्पष्ट होते. या भागातल्या खडकावर घोडेस्वार कोरलेला असेल, तर तो माहुरझरीच्या काळापासून कंपनीच्या घोडदळापर्यंत कुठेही बसू शकतो. स्वार आपल्याला वरची मर्यादा सांगतो : याहून फार जुने नाही. खालची मर्यादा तो सांगत नाही. जवळजवळ अडीच हजार वर्षांचा हा पल्ला आखूड करायचा तर चित्राकडे बारकाईने पाहावे लागते.

पहिला तपशील पायाचा. सांचीच्या शिल्पांत स्वाराचा अंगठा अडकवायचा फास दिसतो. पूर्ण पाऊल ठेवायची रिकीब चौथ्या शतकात चीनमध्ये दिसू लागते आणि भारतात त्यानंतर रुळते. चित्रात रिकीब ओळखू आली, तर बरीच शतके एकदम वगळता येतात. दुसरा तपशील हत्याराचा : धनुष्य, भाला की बंदूक? तिसरा खोदण्याच्या रीतीचा. दगडाने ठेचून काढलेल्या आकृतीत ओबडधोबड खळगे असतात, तर पोलादी छिन्नीची रेघ अरुंद आणि धारदार असते.

चौथा तपशील रंगाचा. आपल्या काळ्या पाषाणावर ऊन-पावसाने तपकिरी साय धरते. ती फोडून काढलेले चित्र प्रथम फिकट दिसते आणि काळाबरोबर पुन्हा काळवंडते. पण हा वेग उतार, पाणी आणि उन्हावर अवलंबून असल्याने तुलना एकाच खडकाच्या एकाच अंगावर करावी लागते. पाचवा तपशील रेघांच्या थरांचा. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये भीमबेटका प्रकाशात आणले. तिथे एकावर एक काढलेली चित्रे आहेत आणि स्वारांच्या मिरवणुका ऐतिहासिक काळातल्या मानल्या जातात. खडकावरही कोणती रेघ कोणती रेघ कापते, हे पाहता येते.

त्याआधी आणखी एक शंका विचारावी. स्वार दिसला म्हणजे तो शिकारीच का? दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. घोड्यावर बसलेला खंडोबा, हाती खड्ग आणि सोबत कुत्रा, ही आकृती या भागातल्या देव्हाऱ्यांतल्या टाकांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. स्वार, कुत्रा आणि समोर एखादे जनावर एवढेच कोरलेले असेल, तर ती शिकार असेल, नाहीतर एखाद्या मेंढपाळाने माळावर आपला देव कोरला असेल. पळणारे हरीण आणि त्याच्या अंगात रुतलेला बाण किंवा भाला दिसला, तरच शिकारीचा दावा पक्का होतो.

कोकणातल्या कातळशिल्पांशी तुलना केली की स्वाराचे महत्त्व आणखी उमगते. जांभ्याच्या सड्यांवरची ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत गेंडाही आहे. गेंडा आज कोकणात नाही, म्हणून तो चित्राला मागे नेतो. घोडा चित्राला पुढे आणतो. प्राण्यांच्या आकृत्या काळाच्या अशा दोन्ही दिशांना बोट दाखवू शकतात.

मग चित्र तीनशे वर्षांपूर्वीचे निघाले तर ते कमी मोलाचे का? इथेच आपली खरी चूक होते. दहा हजार वर्षांचा दावा टिकला नाही की गावाचा रस संपतो आणि तो खडक खडीच्या गाडीत जातो किंवा शेत सपाट करताना पुरला जातो. आदिमानवाच्या नावावर घातलेले श्रेय कदाचित एखाद्या धनगराचे, शिलेदाराचे किंवा पारध्याचे असते आणि त्यांच्या हातची अशी निशाणी कागदावर कुठेच नसते. राजांनी आपले घोडे लेण्यांत कोरवून घेतले. साध्या माणसाला माळावरचा दगडच होता.

असे चित्र आढळले तर त्यात खडू किंवा चुना भरू नये, ते पाण्याने घासू नये आणि रेघ ठळक करू नये. तसे केले की वर सांगितलेली साय जाते आणि तिच्याबरोबर वयाचा पुरावाही. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे.

ज्या गवताळ माळावर घोडा हरणामागे मोकळा सुटू शकत होता, तो माळ आता ऊस आणि कारखान्यांखाली आला आहे. दौंडला लागून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात पाच-साडेपाच चौरस किलोमीटरांत चिंकारा अजून टिकून आहेत. खडकावरचे हरीण कोणत्या जातीचे हे ओळखायला उद्याच्या अभ्यासकाला जिवंत हरीणही लागेल आणि तो खडकही.