जाळरेषेची राखण

वरोऱ्याहून चिमूरच्या रस्त्याला लागलं की शेगाव बुद्रुकच्या आसपास कापसाच्या वावरांना जंगल खेटू लागतं. जानेवारीच्या शेवटी इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना धूर दिसतो. एकीकडे शेतकरी पऱ्हाट्या उपटून ढीग पेटवत असतो, धुऱ्यावरचं गवत जाळत असतो. दुसरीकडे वनखात्याचे मजूर जंगलाच्या कडेचं गवत कापून, वाळवून, त्याची पट्टी जाळत असतात. आगकाडी दोघांच्याही खिशात असते. पहिल्याची आग दुसऱ्याच्या जंगलात शिरू नये, म्हणून ही दुसरी आग.

या जाळलेल्या पट्टीला जाळरेषा म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वणव्याशी झुंजणारं सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात भरवशाचं साधन तेच. जंगलाची हद्द, रस्ते, कक्षांच्या सीमा यांच्यालगत ३, ६ किंवा १२ मीटर रुंदीचे पट्टे आखलेले असतात. आधी पट्टीच्या दोन्ही काठांचं गवत कापून आत ओढायचं. ते वाळलं की वारा पडलेला पाहून, सकाळी दव असताना किंवा संध्याकाळी, ते पेटवायचं. दोन्ही बाजूंना माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन उभी. ठिणगी काठाबाहेर गेली की तिथेच झोडपायची. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. हे काम त्याआधी उरकावं लागतं, कारण त्यानंतर गवत इतकं कडक होतं की जाळरेषा जाळतानाच वणवा लागायचा.

इथलं जंगल पानझडीचं. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, मध्ये बांबूची रांजी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची सुपाएवढी पानं खाली येतात आणि जमिनीवर पापडासारखा कुरकुरीत थर साचतो. एप्रिलपासून पारा ४३ च्या वर, मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत. दुपारी हवेतला ओलावा तळाला जातो, वारा सुटतो. अशा वेळी पालापाचोळ्यातली आग भराभर पसरते. गंमत अशी, की आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल तर धोका वाढतो. पावसाने गवत माजतं, आणि तेच उन्हाळ्यात सरपण होतं. बांबू फुलून वाळलेला असेल तर त्याची पेरं फटाक्यासारखी फुटतात आणि निखारे जाळरेषेपलीकडे उडतात.

ही आग शेंड्याला क्वचित जाते. ती जमिनीलगत, गुडघ्या-कमरेएवढी धावते. मोठा साग जाड सालीमुळे तगतो, म्हणून लांबून पाहणाऱ्याला काही बिघडलं असं वाटत नाही. मरतं ते खालचं: दोन-तीन वर्षांची रोपं, जमिनीवरची घरटी, सरपटणारे जीव. वर्षानुवर्षं एकच जागा जळत राहिली की म्हाताऱ्या झाडांखाली तरणं झाड उरत नाही. उघड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की राख आणि माती दोन्ही नाल्याला लागतात.

विजेने लागणारे वणवे इथे नगण्य. आग लावतो माणूस, आणि बहुतेकदा पोटासाठी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात आणि आग तशीच सोडून घरी जातात. तेंदूचं गणित त्याहून मोठं. झुडपं छाटली, म्हणजे बुटकटाई केली, की कोवळी पानं फुटतात. झुडपं जाळूनही तेच साधतं. पण कटाईला मजुरी लागते, आगीला आगपेटी पुरते. सत्तर पानांच्या पुड्यावर घरचा पावसाळा निघणार असेल, तर १९२७ च्या वन कायद्यातलं, आग लावायला मनाई करणारं २६ वं कलम कोणाला अडवणार?

आग लागली की निरोप येतो आकाशातून. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे इशारे राज्यांना कळवते. आता ते थेट बीटच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर येतात. पूर्वीच्या संवेदकाचा ठिपका १ किलोमीटरचा होता, नव्याचा ३७५ मीटरचा. तरी उपग्रह डोक्यावरून जातो तो साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला. मधल्या वेळात पेटलेली आग त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत दिसत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या डोंगरांत निरोप मिळाल्यावरही तिथवर पायीच जावं लागतं.

जाणारा असतो अंगारी, म्हणजे हंगामापुरता रोजंदारीवर घेतलेला मजूर, बहुधा जवळच्याच गावचा. वाट त्याला पाठ असते. पाठीवर पेट्रोलवर चालणारा ब्लोअर, कमरेला पाण्याची बाटली. ब्लोअर आग विझवत नाही, तिचं खाणं काढून घेतो. दोघं-तिघं आगीच्या बगलेने सरकत पेटता पाला जळलेल्या जागेकडे उडवत नेतात, मागचा माणूस राहिलेले निखारे ठेचतो. आगीच्या तोंडासमोर सहसा कोणी उभं राहत नाही. ती फार जोरात असेल तर मागे हटून जाळरेषा किंवा नाला गाठायचा आणि तिथून उलटी आग सोडायची, म्हणजे दोन आगी भिडून दोन्ही उपाशी मरतात. शेवटचं काम कंटाळ्याचं आणि सर्वांत महत्त्वाचं: धुमसते ओंडके शोधणं. एक ओंडका राहिला की दुसऱ्या दुपारी वारा त्याला पुन्हा जागं करतो.

वारा फिरला तर काय होतं, हे शेजारच्या गोंदिया जिल्ह्याने पाहिलंय. ८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर गेले. यंत्रणेतला सर्वांत कमी पगाराचा माणूस आगीच्या सर्वांत जवळ असतो.

मग उपाय कुठे आहे? गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने तो स्वतःपुरता काढला. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण तेंदू आला की छाटणी आणि आग दोन्ही येतात. कमाई बांबूवर उभी केली. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही. तेंदूचा पैसा सोडणं गडचिरोलीतल्या अनेक घरांना शक्य नाही. पण तिथेही पेसा कायद्यामुळे आणि वनहक्कांमुळे पुष्कळ ग्रामसभा आता स्वतः तेंदूचा लिलाव करतात. जंगल जळालं तर नुकसान आपलं, हा हिशेब त्यांच्या वहीत येऊ लागला आहे. बुटकटाईची मजुरी त्याच वहीत आधी धरली, मोहाखाली जाळी बांधली, तर आगकाडीची गरजच उरत नाही.

म्हणून वणव्याची तयारी तपासायची असेल तर मे महिन्यात विझवलेल्या आगींचा आकडा विचारून फारसं कळत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी पाहाव्यात: जाळरेषा जळून काळी झाली आहे का, आणि बुटकटाईची मजुरी कोण देणार हे गावात ठरलं आहे का. ही दोन कामं वेळेत झाली तर अंगाऱ्याला आगीमागे कमी धावावं लागतं. राहिली, तर चार ब्लोअर जास्त घेऊनही दुपारच्या वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही.