'रबर बँड'ला दिवस जातात तेव्हा...

कॉलेजच्या कट्ट्यावर माझी एक ट्रिक जाम फेमस होती. अंगठा वाकवून थेट हाताला टेकवायचा! पब्लिक मला 'रबर बँड' म्हणायची.

पाचव्या महिन्यात हाच रबर बँड ऑफिसच्या खुर्चीतून उठेना. जांघेत अशी कळ यायची की बस. 'अगं, सगळ्यांनाच दुखतं,' सासूबाई म्हणाल्या. पहिल्या डॉक्टरबाईही तेच म्हणाल्या. फिजिओथेरपिस्टने मात्र ती ट्रिक करून दाखवायला सांगितली. सांध्यांच्या लवचिकतेची बायटन चाचणी नऊ गुणांची असते. मला आठ! (आयुष्यात एवढे मार्क पहिल्यांदाच.) पुढे निदान झालं, हायपरमोबाइल एहलर्स-डॅन्लोस सिंड्रोम. म्हणजे सांधे, त्वचा धरून ठेवणारी ऊतीच ढिली. त्यात गरोदरपणाची हार्मोन्स सांधे आणखी सैल करतात.

ट्रिक तुम्हालाही जमते? लगेच टेन्शन नको, नुसतं लवचिक असणं म्हणजे आजार नव्हे.

२०१७च्या वर्गीकरणात या आजाराचे १३ प्रकार आहेत. माझ्या प्रकाराला जनुकीय चाचणीच नाही, तपासूनच ठरवतात. पण व्हॅस्क्युलर प्रकारात रक्तवाहिन्या, गर्भाशयसुद्धा फाटू शकतं. तो नाही ना, यासाठी माझी रक्ततपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत एक रात्र धड झोपले नाही. बाळाला माझा आजार मिळण्याची शक्यता ५० टक्के, हे कळलं तेव्हा नवरा नुसता हात धरून बसला.

सगळ्यात कामाची भेट भूलतज्ज्ञांची. दाताच्या डॉक्टरांकडे मला भूल चढायचीच नाही, आणि 'नाटकं करते' असं ऐकावं लागायचं. हे म्हणाले, 'या आजारात असं होतं.' मग आम्ही फाइलमध्ये एक पान लावलं. जागेवरची भूल कमी पडू शकते. एपिड्युरल दिलं तर पाय ताणू नका, सांधा निखळला तरी हिला कळणार नाही. टाके जास्त दिवस ठेवा. कळा भराभर वाढू शकतात. सिझेरियन मात्र केवळ या निदानामुळे नको.

कळा खरंच भराभर वाढल्या. हिंजवडीचं ट्रॅफिक पहाटे नसतं, हे नशीब! तीन तासांत लेक बाहेर. टाके घालायला नवीनच डॉक्टर होत्या. नवऱ्याने ते पान पुढे केलं. त्यांनी वाचलं, भूल दिली, थांबल्या. 'दुखतंय?'

'हो.'

त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि दुसरा डोस भरायला घेतला.