हेड कोच म्हणून ४५ पैकी ३३ सामने हरले, पण दुसऱ्या खुर्चीत बसून डिक लेबो यांनी अमेरिकन फुटबॉलचा बचाव बदलला

वसई किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरच्या कोळ्यांना डोल जाळं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मोठ्या पिशवीसारखं हे जाळं समुद्रात पक्कं बांधायचं, त्याचं तोंड प्रवाहासमोर ठेवायचं आणि थांबायचं. बोंबील, जवळा, मांदेली पाण्याबरोबर येतात आणि आत शिरतात. मासळीच्या मागे धावायचं नसतं. ती कुठून येणार हे आधी ओळखायचं असतं.

तिकडे अमेरिकेत एका माणसाने जवळपास हीच युक्ती मैदानावर वापरली. त्यांचं नाव डिक लेबो. खेळ अमेरिकन फुटबॉल आणि काम बचावाचा कोच.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही. २०१२ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' सुरू झाली होती. त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघही होते, पण तिचे सामने झाले श्रीलंकेत. त्यामुळे नियम थोडक्यात बघू.

दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात. हल्ला करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे जायला ४ संधी मिळतात. जमलं तर पुन्हा ४ संधी, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. हल्ल्याचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे फेकायचा हे तो काही सेकंदांत ठरवतो.

यातली खास गोष्ट म्हणजे हल्ला करणारे ११ वेगळे आणि बचाव करणारे ११ वेगळे असतात. म्हणून त्यांचे कोचही वेगळे असतात. सगळ्यांच्या वर हेड कोच आणि त्याच्या हाताखाली बचावाचा प्रमुख, म्हणजेच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर.

आठवडाभर समोरच्या संघाचे व्हिडिओ बघायचे, ते कोणत्या परिस्थितीत काय करतात हे शोधायचं आणि सामन्यात प्रत्येक चालीआधी आपल्या ११ जणांना इशारा द्यायचा, हे त्याचं काम. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो तेव्हा कोपरारक्षकाने कधी झेप घ्यायची आणि साखळीने कुठून घेरायचं हे ठरलेलं असतं ना, तसंच हे. फक्त इथे असे निर्णय एका सामन्यात साठ-सत्तर वेळा घ्यावे लागतात.

पहिल्याच संघाने काढून टाकलं

लेबो यांचा जन्म १९३७ चा, ओहायो राज्यातल्या लंडन नावाच्या छोट्या गावातला. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळल्यावर १९५९ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने त्यांची निवड केली, पण हंगाम सुरू होण्याआधीच त्यांना वगळलं. मग डेट्रॉइट लायन्सने त्यांना घेतलं आणि तिथे ते १४ हंगाम खेळले.

त्यांची जागा कॉर्नरबॅकची. समोरच्याने फेकलेला पास अडवायचा आणि जमलं तर मधल्यामध्ये पकडायचा. असे ६२ पास त्यांनी पकडले. सलग १७१ सामन्यांत ते मैदानावर उतरले. १९७२ मध्ये खेळणं थांबवलं आणि १९७३ पासून कोचिंग सुरू केलं.

झोन ब्लिट्झ म्हणजे काय?

क्वार्टरबॅकला रोखण्याचा जुना उपाय म्हणजे ब्लिट्झ. नेहमीपेक्षा जास्त खेळाडू त्याच्यावर एकदम सोडायचे. पण त्यात मोठा धोका होता. जास्त माणसं पुढे गेली की मागे जागा मोकळी राहायची. क्वार्टरबॅक हुशार असेल तर तो त्याच मोकळ्या जागेत चेंडू फेकायचा आणि बचावाचा बोऱ्या वाजायचा.

१९८० च्या दशकात लेबो सिनसिनाटी बेंगल्सकडे होते. १९८४ मध्ये ते तिथे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले. दबाव तर आणायचा, पण मागची जागाही सोडायची नाही, हे कोडं त्यांना सोडवायचं होतं. बिल आर्न्सपार्गर या जुन्याजाणत्या कोचने अशा कल्पना आधी वापरल्या होत्या. लेबो यांनी त्यातून शिकून पूर्ण पद्धत उभी केली. तिचं नाव झोन ब्लिट्झ.

पुढे उभा असलेला धिप्पाड लाइनमन आपल्यावर धावून येणार असं क्वार्टरबॅकला वाटतं. पण तो लाइनमन चक्क मागे सरकतो आणि पासच्या वाटेत उभा राहतो. त्याच वेळी दुसरीकडून, जिथून अपेक्षाच नसते तिथून, वेगळाच खेळाडू अंगावर येतो. बाकीचे एकेका माणसाच्या मागे पळत नाहीत. प्रत्येकजण आपापला पट्टा सांभाळतो.

म्हणजे क्वार्टरबॅक जी जागा मोकळी समजून चेंडू फेकतो, तिथे जाळं आधीच लावलेलं असतं.

बढती मिळाली आणि सगळं फिसकटलं

बेंगल्सनंतर लेबो पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेले आणि १९९५ मध्ये तिथे बचावाचे प्रमुख झाले. त्याच हंगामात संघ सुपर बोलपर्यंत गेला. १९९७ मध्ये ते पुन्हा बेंगल्सकडे आले. २००० चा हंगाम सुरू झाला आणि पहिले तीनही सामने हरल्यावर हेड कोच ब्रूस कॉस्लेट यांनी राजीनामा दिला. खुर्ची लेबो यांच्याकडे आली. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

पुढचे आकडे बोलके आहेत. २००० मध्ये ४ विजय, ९ पराभव. २००१ मध्ये ६ विजय, १० पराभव. २००२ मध्ये फक्त २ विजय आणि १४ पराभव. एकूण १२ जिंकले, ३३ हरले. लेबो यांना काढण्यात आलं.

पासष्टी गाठलेली, नावावर इतकं मोठं अपयश. बहुतेकांनी इथे निवृत्ती घेतली असती. एकदा साहेब झाल्यावर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली काम करणं आपल्याकडच्या ऑफिसातही सोपं नसतं.

लेबो यांनी मात्र २००३ मध्ये बफेलो बिल्समध्ये सहायकाची जागा घेतली आणि २००४ मध्ये ते स्टीलर्सकडे परतले. पद तेच जुनं, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर.

खरी कारकीर्द त्यानंतर घडली

फेब्रुवारी २००६ मध्ये स्टीलर्सने सिअ‍ॅटल सीहॉक्सला २१-१० ने हरवून सुपर बोल जिंकला. २००८ च्या हंगामात तर अख्ख्या लीगमध्ये सर्वात कमी गुण आणि सर्वात कमी यार्ड देणारा बचाव त्यांचाच होता.

त्याच हंगामाचा सुपर बोल १ फेब्रुवारी २००९ ला झाला. समोर अ‍ॅरिझोना कार्डिनल्स. मध्यंतराला १८ सेकंद उरलेले, स्टीलर्स १०-७ ने पुढे आणि कार्डिनल्स गोलरेषेपासून फक्त १ यार्डावर. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरला वाटलं की जेम्स हॅरिसन आपल्यावर धावून येणार. कोचची योजनाही तीच होती. पण हॅरिसन ऐनवेळी स्वतःच्या मनाने मागे सरकला, पास पकडला आणि १०० यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. स्टीलर्सने सामना २७-२३ ने जिंकला.

तो निर्णय हॅरिसनचा होता. पण क्वार्टरबॅकला एक दाखवायचं आणि करायचं दुसरंच, हे लेबो यांनी इतकी वर्षं घोटून घेतलं होतं. कोचची शिकवण खेळाडूच्या अंगात भिनली की असं होतं.

स्टीलर्सच्या खेळाडूंचा त्यांच्यावर फार जीव. लेबो हॉल ऑफ फेममध्ये गेले पाहिजेत, हे सांगण्यासाठी ते त्यांच्या लायन्समधल्या ४४ नंबरच्या जर्सी घालून आले होते. अखेर २०१० मध्ये तो मान मिळाला, तोही खेळाडू म्हणून, खेळणं थांबवल्यानंतर ३८ वर्षांनी.

२०१५ ते २०१७ ते टेनेसी टायटन्सकडे होते. तिथून बाहेर पडले तेव्हा वय होतं ८० आणि खेळाडू व कोच मिळून सलग ५९ हंगाम झाले होते. त्यात हेड कोचची खुर्ची जेमतेम तीन वर्षांची. पण आज लीगमध्ये झोन ब्लिट्झ वापरला जातो तेव्हा आठवतात ती त्यांची उरलेली ५६ वर्षं.