लहान नगरातील बंदोबस्ताचा अग्रक्रम

पोलिसांनी प्रथम कशाकडे लक्ष द्यावे, हा प्रश्न काटोलसारख्या नगरात विशेष बिकट होतो. भोवतालच्या खेड्यांत १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमान्वये नेमलेला पोलीस पाटील हा गाव व ठाणे यांमधील दुवा होय. नगरपरिषदेच्या हद्दीतील मोहल्ल्यास असा पाटील नाही. साहजिकच तेथील अग्रक्रम नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरण्याचा संभव असतो. ज्या भयाची फिर्याद होत नाही, ते दृष्टीआड राहते. भिवंडीत १९८८ मध्ये सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांद्वारे पोलीस व रहिवासी यांना नियमित एकत्र आणले; १९९२-९३ च्या दंगलींत भिवंडी शांत राहिली. तात्पर्य, अग्रक्रम ठरविताना गुन्ह्यांच्या नोंदवहीइतकेच मोहल्ल्याच्या बैठकीलाही स्थान हवे.