सुईची मर्यादा आणि शस्त्राचे काम

चेहऱ्यावर वयाच्या खुणा दिसू लागल्या की बहुतेकांची पहिली धाव बोटॉक्स किंवा फिलरकडे असते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण या उपचारांत टाके पडत नाहीत, भूल फारशी लागत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येते. मात्र काही वर्षांनी त्यांचा परिणाम पुरेसा वाटेनासा झाला की शस्त्रक्रिया म्हणजे त्याच उपचाराची अधिक जोरकस मात्रा, असा समज रूढ होतो. शरीररचनेच्या दृष्टीने तो चुकीचा आहे.

बोटॉक्स हे एका जिवाणूने तयार केलेले विष असून, अत्यल्प प्रमाणात टोचल्यास ते चेतातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश अडवते व स्नायू सैलावतो. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणासारख्या नेत्रविकारांसाठी आणि २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याचा प्रभाव साधारण तीन ते चार महिने टिकतो, आणि तो मुख्यतः हालचालीमुळे पडणाऱ्या सुरकुत्यांवरच चालतो. फिलर म्हणजे बहुधा हायालुरोनिक आम्लाचे, पाणी धरून ठेवणारे जेल. ते खोलगट भाग भरून काढते. यांपैकी कोणताही उपचार खाली उतरलेली ऊती वर उचलत नाही.

वाढत्या वयात चेहरा केवळ सुरकुतत नाही. डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, जबड्याचे हाड झिजते, गालांतील चरबीचे कप्पे काही ठिकाणी आटतात व काही ठिकाणी ओघळतात, आणि त्वचेला खालच्या थरांशी बांधून ठेवणारे बंध सैल पडतात. अशा वेळी ओघळलेल्या गालाला उठाव देण्यासाठी फिलर भरत राहिले, तर चेहरा तरुण दिसण्याऐवजी फुगीर दिसू लागतो. अनेक परिचित चेहऱ्यांवर दिसणारी सूज ही वयाची नसून उपचाराची असते.

ओघळलेली ऊती खरोखर उचलायची तर शस्त्रक्रियाच लागते. त्वचेखालच्या चरबीच्याही खाली तंतू व स्नायू यांचे एक पटल असते, ज्याचे वर्णन मित्झ आणि पेरोनी यांनी १९७६ मध्ये केले. त्यापूर्वीच्या बहुतेक फेसलिफ्टमध्ये, म्हणजे चेहरा उचलण्याच्या शस्त्रक्रियेत, केवळ त्वचा ताणली जाई आणि ती पुन्हा सैल पडे. आता हे पटलच उचलून बांधले जाते, किंवा १९९० मध्ये अमेरिकी शल्यविशारद सॅम हाम्रा यांनी मांडलेल्या पद्धतीप्रमाणे त्याच्या खालून जाऊन बंध सोडवले जातात. चेहऱ्याची हालचाल घडवणाऱ्या चेताशिरेच्या शाखा याच पटलाखालून जात असल्याने येथे शल्यविशारदाच्या हाताची कसोटी लागते. रक्त साचणे हा त्यातला नेहमीचा धोका होय. म्हणून रक्तदाब आटोक्यात ठेवणे अत्यावश्यक ठरते.

धूम्रपान सोडण्याचा आग्रहही उपचार म्हणूनच धरला जातो, कारण धूम्रपानाने उचललेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटला तर ती मरते. रक्तपुरवठा राखण्याचे हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही: पुण्याजवळ कावसजी या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळावरील त्वचेने पुन्हा घडवल्याचा वृत्तान्त लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये छापला होता, आणि ती त्वचा जगली ती कपाळाशी जोडून ठेवलेल्या देठामुळेच.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने पूर्वी घेतलेले फिलर व त्वचा ओढून धरण्यासाठी तिच्याखाली घातलेले धागे यांची माहिती शल्यविशारदास द्यावी. धाग्यांभोवती व्रणऊती तयार झालेली असू शकते, तर हायालुरोनिक फिलर एका विकराने विरघळवता येते. फेसलिफ्टने जबड्याची कड व मान रेखीव होते. मात्र त्वचेचे डाग, तिचा पोत आणि कपाळाच्या आठ्या तशाच राहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी लेझर व बोटॉक्स शस्त्रक्रियेनंतरही लागतात.