कण्याचा ओळंबा

दसरा-दिवाळीनंतर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. दिवसभर वाकून तोडायचे, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. अशा कामातले पाठदुखीचे रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा पिशवीत ‘फोटो’ बहुधा असतोच, पण झोपवून काढलेला. तक्रार मात्र उभे राहिल्यावरची : पडून राहिले की बरे वाटते, थोडे चालले की अंग पुढे झुकते. झोपलेल्या माणसाच्या कण्यावर डोक्या-धडाचा भार नसतो. नेहमीचा एमआरआयही झोपवूनच होतो. त्यात झिजलेली गादी दिसते, दबलेली नस दिसते, तोल दिसत नाही.

तोल पाहायचा तर एक्स-रे उभ्यानेच काढावा लागतो, तोही कवटीच्या तळापासून खुब्यांपर्यंत एका लांब चित्रात. बाजूने काढताना हात कण्याच्या आड येऊ नयेत म्हणून ते दुमडून बोटे गालांवर टेकवायला सांगतात. पुढचे काम गवंड्याचे. मान वाकवली की बोटाला लागतो तो सातवा मणका. त्याच्या मध्यातून ओळंबा सोडायचा. कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या, म्हणजे त्रिकास्थीच्या, मागच्या वरच्या कोपऱ्यापासून ती रेषा किती पुढे पडते ते मोजायचे. ५ सेंटिमीटरहून जास्त पुढे पडली, तर तोल ढळला असे साधारणपणे धरतात.

खरी गोम यानंतर आहे. शरीर लबाड असते. गाद्या झिजून कमरेचा आतला बाक सपाट झाला, की नजर समोर राहावी म्हणून माणूस नकळत कटी मागे फिरवतो, गुडघे किंचित वाकवतो. ओळंबा मग जागच्या जागी पडतो आणि फोटो निर्दोष दिसतो! म्हणून फोटोच्या वेळी गुडघे सरळ हवेत, आणि कटी किती मागे फिरली तेही मोजायला हवे. इथे फ्रान्समधल्या जिनेव्हिएव्ह द्युवाल-बोपेर यांनी मांडलेला एक कोन उपयोगी पडतो. त्रिकास्थीचा वरचा पृष्ठभाग आणि खुबे यांच्या नात्याचा तो कोन. वाढ पूर्ण झाल्यावर तो जवळजवळ कायम राहतो, मग माणूस उभा असो की झोपलेला. कमरेला किती बाक हवा याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. म्हणजे सगळ्यांना लागू पडणारा एकच ‘सरळ’ कणा नसतो.

नोबेलविजेते जॉर्ज शारपाक यांच्या संशोधनातून आलेले ‘ईओएस’ यंत्र समोरचे आणि बाजूचे चित्र उभ्यानेच, एकाच वेळी, कमी किरणांत घेते. ते महाग आहे. साध्या डिजिटल यंत्रावर तुकडे घेऊन जोडले तरी भागते, फक्त रुग्ण मध्येच हलता कामा नये.

हा खटाटोप मी धरून बसतो तो शस्त्रक्रियेपायी. टेबलावर रुग्ण पालथा असतो. त्या वेळी मणके सपाट स्थितीत स्क्रूंनी जोडले गेले, तर नस मोकळी होऊनही माणूस पुढे झुकलेलाच राहतो, आणि वाकून पोट भरणाऱ्याचे दुखणे नव्याने सुरू होते. हंगाम बुडवून कमरेचे ऑपरेशन करायला निघालेल्याने आधी एवढे विचारावे : डॉक्टर, माझा उभ्याने फोटो काढलाय का?