कर्करोगाचा आकडा कसा पारखतात?

सीमेवरच्या देगलूरचा रुग्ण नांदेडला जातो, तसाच बिदर, निजामाबाद, हैदराबादलाही. नाव-पत्ता ताडून पाहिला नाही, तर कर्करोग नोंदणीत तो दोनदा मोजला जातो किंवा मुळीच नाही. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 1981 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात दुबार नावे शोधून काढतात. मृत्यूच्या दाखल्यावरूनच कळलेले रुग्ण जास्त असतील, तर जिवंतपणी अनेक निसटले, असे समजावे. बायोप्सीने पक्के झालेले निदान जितके जास्त, तितका भरवसा. पण सगळीच निदाने तशी असतील तर मला शंका येते, कारण दवाखान्यापर्यंत न पोचलेले गरीब त्यात नसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीने 1987 पासून ही उणीव ओळखली: कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणे समजावत, रुग्ण शोधत.